उगुळबेडा मास्तरांचा बेडका

फत्तेसिंगरावांना म्हैसुरात फत्तेसिंगराव म्हणणारी माणसं दोनच प्रकारची. एक, जी त्यांच्या शाळेत शिकली नाहीत. दुसरी, जी त्यांच्या तोंडावर बोलत असतात. पाठ फिरली की ते सगळ्यांचेच 'उगुळबेडा मास्तर' होते. उगुळबेडा म्हणजे कन्नडमध्ये 'थुंकू नको'. चौतीस वर्षं ते एका शाळेत ड्रिल मास्तर होते आणि या चौतीस वर्षांत त्यांच्या मैदानावर थुंकून सुटलेला पोरगा अजून जन्माला यायचा होता. शिट्टी वाजायची, पोराला बादली मिळायची आणि नळापासून त्या डागापर्यंत तीन फेऱ्या व्हायच्या. तिसऱ्या फेरीला पोरानं स्वतःच्या तोंडानं 'उगुळबेडा' म्हणायचं, तेही सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं.

नियम दुसऱ्यांना लावायचा आणि आपण पळवाट काढायची, हा प्रकार मास्तरांकडे नव्हता. नोकरीला लागले त्या वर्षापासून त्यांनी पान सोडलं. सर्दी झाली, खोकला झाला, घशात काही आलं, तर ते आवंढा गिळून मोकळे होत. खाकरणं हा प्रकार त्यांच्या लेखी शिवी देण्याच्या खालोखाल होता. बोगादी भागातल्या त्यांच्या घराशेजारी एक गृहस्थ रोज सकाळी बेसिनवर दहा मिनिटं घसा खरवडायचे. त्यांच्याशी मास्तर बारा वर्षं बोलले नव्हते.

अशा माणसाला अडुसष्टाव्या वर्षी फुप्फुसाचा क्षय व्हावा, याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. खोकला कोरडा, अंगात बारीक ताप, आणि पँटीच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. तपासायला कफ काही पडेना. मग मोठ्या इस्पितळात नाकातून नळी घालून फुप्फुस धुतलं, ते पाणी तपासलं आणि त्यात क्षयाचे जंतू सापडले. नेहमीच्या औषधांना दाद देणारा साधा क्षय आहे, गोळ्या नेमानं घ्या, सहा महिन्यांत बरे व्हाल, असं सांगून त्यांना घरी पाठवलं. 'नेमानं' हा शब्द ऐकून मास्तरांना बरंच वाटलं. नेमानं जगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

रोज सकाळी सहाला, अनशापोटी, खुर्चीत ताठ बसून ते गोळ्या घेत. रिकामी पाकिटं तारीख घालून बिस्किटाच्या डब्यात जात. ऐंशी दिवस झाले, ऐंशी दिवसांची पाकिटं डब्यात होती. आणि एवढं करूनही ताप हटेना. पहिल्या महिन्यात जरा उतरला, वजन किलोभर वाढलं, आणि मग गाडी उलटी फिरली. संध्याकाळ झाली की अंग तापायचं, छातीत घरघर व्हायची, आणि चोपन्न किलोंचे मास्तर एकोणपन्नासावर आले.

म्हैसुरातल्याच विजयनगर भागात एका नर्सिंग होममध्ये डॉ. संकर्षण म्हणून तरुण छातीचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे उपचार चालू होते. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. बाहेर तीस पेशंट बसलेले असले की चांगला माणूसही निम्मंच ऐकतो. क्षयाच्या जोडीला छातीत दुसरा कुठला जंतू शिरलाय का हे बघायला त्यांनी नमुना तपासायला पाठवला होता. गुरुवारी मास्तर मुलाबरोबर तिथे गेले, तेव्हा डॉक्टरांनी रिपोर्ट चाळला, एक्स-रे उजेडावर धरला आणि मास्तरांना सोडून मुलाकडे, राघवेंद्रकडे, बघत बोलायला सुरुवात केली. दुसरा जंतू काही उगवला नाही. क्षय सुरुवातीला औषधाला दाद देणारा होता. तरी रोग हलत नाही, म्हणजे बहुतेक वेळा एकच कारण असतं, गोळ्या पोटात जात नाहीत. म्हातारी माणसं गोळ्या गादीखाली ठेवतात, कुंडीत टाकतात, सांगत नाहीत. सोमवारी दाखल करा, आम्ही नर्ससमोर गिळवू, आणि तेवढ्यानं नाही भागलं तर जड औषधांवर जाऊ. हे सगळं बोलता बोलता त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं. मास्तरांची नजर अजून शाबूत होती. 'औषधं अनियमित' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द त्यांनी लांबूनच वाचले.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी कन्नडमध्ये, वर्गात बोलावं तसं, सांगितलं की डॉक्टर, या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते हे तुम्हीच मला सांगितलं होतं. ऐंशी दिवस माझी लघवी नारिंगी आहे. बाटली द्या, आत्ता आणून देतो.

डॉक्टर हसले. वाईट हेतूनं नाही, पण हसले. म्हणाले की आजची गोळी आज घेतली असेल, दवाखान्यात येण्याच्या दिवशी सगळेच घेतात. आणि राघवेंद्र बापाच्या बाजूनं एक शब्द बोलला नाही. तो मोबाइलवर सोमवारची रजा मिळते का ते बघत होता.

घरी आल्यावर खरा तमाशा झाला. मास्तरांनी बिस्किटाचा डबा आणून टेबलावर उपडा केला. राघवेंद्रनं पाकिटांकडे बघितलं आणि थकल्या आवाजात म्हणाला की पाकीट रिकामं करणं आणि गोळी गिळणं या दोन गोष्टी वेगळ्या असतात. मग दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी सहाला, तो समोर येऊन उभा राहिला. मास्तरांनी गोळ्या घेतल्या, पाणी प्यायले.

"अप्पा, जीभ उचला," राघवेंद्र म्हणाला.

या मुलाला मास्तरांनी पोहायला शिकवलं होतं, सायकल शिकवली होती, खोटं बोलल्याबद्दल एकदाच मारलं होतं आणि मग स्वतः जेवले नव्हते. त्यांनी तोंड उघडलं. जीभ उचलली. राघवेंद्रनं वाकून, मोबाइलचा दिवा लावून बघितलं आणि मान हलवून ऑफिसला निघून गेला. त्या क्षणी मास्तरांना मरणाचं काही वाटेनासं झालं. पण खोटारडा म्हणून मरायला ते तयार नव्हते. सोमवारपर्यंत तीन दिवस होते.

त्यांनी फाइल काढली आणि परीक्षेचा पेपर तपासायला घ्यावा तशी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. नमुन्याचा रिपोर्ट एकच कागद होता. तळाला कोपऱ्यात बारीक छापलं होतं, 'पान १ / २'. मास्तरांनी फाइल झटकली, उलटी केली. दुसरं पान नव्हतं. नर्सिंग होमला फोन केला तर तिथल्या मुलीनं सांगितलं की दुसऱ्या पानावर विशेष काही नसतं, सगळं पहिल्यावर येतं. सबंध आयुष्यात मास्तरांनी उत्तरपत्रिकेचं शेवटचं पान उलटल्याशिवाय कुणाला नापास केलं नव्हतं. त्यांनी मास्क लावला, रिक्षा केली आणि थेट लॅब गाठली.

लॅब विजयनगरातच, एका औषधाच्या दुकानाच्या मागच्या अंगाला होती. तिथे पावनी नावाची तिशीची मुलगी काम बघत होती. केस वर बांधलेले, हातात मोजे, आणि बोलणं अगदी रोखठोक. मास्तरांनी दुसरं पान मागितलं. तिनं छापून दिलं. त्यावर दोनच ओळी होत्या. पहिली, या नमुन्यात तोंडातल्या पेशीच भरलेल्या आहेत, ही लाळ आहे, तपासणीला अयोग्य. दुसरी, कृपया नवा नमुना पाठवावा.

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं की याचा अर्थ माझ्या छातीत दुसरा जंतू नाही, असा होतो का?

पावनी म्हणाली की अजिबात नाही, याचा अर्थ एवढाच की तुमच्या छातीतलं काही आमच्याकडे आलंच नाही. आलं ते तोंडातलं. तोंडात नेहमी असतात तेच जंतू उगवले, म्हणून पहिल्या पानावर 'रोगजंतू नाही' असं आपोआप छापलं गेलं. बघणाऱ्यानं दुसरं पान बघायला हवं होतं. आम्ही नमुना परत मागितला होता, कुणी पाठवलाच नाही. मग तिनं फडताळातून एक रिकामी डबी काढली, झाकण सैल करून त्यांच्यासमोर ठेवली आणि लहान मुलाला समजवावं तसं सावकाश म्हणाली,

"सर, कफा बेकु. उगुळु बेडा."

कफ हवा, थुंकी नको. बिचारीला काय माहीत ती कुणाला काय म्हणाली ते. ती म्हैसूरची नव्हती, कृष्णराजनगरकडून रोज बसनं यायची. चौतीस वर्षं ज्यांनी हजारो पोरांना हे शब्द ऐकवले, त्यांना आज ते एका मुलीनं डबी हातात देऊन ऐकवले होते. मास्तरांना हसू फुटलं. खूप दिवसांनी फुटलं, पोटातून फुटलं, आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. टेबल धरून ते खोकले. छातीच्या तळातून काहीतरी जाड वर आलं, घशाशी आलं, आणि मास्तरांनी सवयीप्रमाणे आवंढा गिळला.

पावनीनं त्यांच्या गळ्याकडे बघितलं. "गिळलंत?" तिनं विचारलं.

मास्तर शाळेतल्या पोरासारखे खाली बघू लागले. तेव्हा तिच्या लक्षात सगळा प्रकार आला. तिनं विचारलं, रोज असंच गिळता का? मास्तर म्हणाले, पस्तीस-चाळीस वर्षं. ती कपाळाला हात लावणार होती, पण मोजे घातलेले होते म्हणून राहिली. मग तिनं त्यांना मागच्या दारानं उघड्यावर नेलं. असला नमुना बंद खोलीत घ्यायचा नसतो, वाऱ्यावर घ्यायचा असतो. मागे मोकळी जागा होती, कडुनिंबाचं झाड होतं आणि पलीकडे सरळ रस्ता. तीन वेळा खोल श्वास घ्या, रोखा, आणि पोटातून खोका, असं सांगून ती वाऱ्याच्या उलट बाजूला जाऊन उभी राहिली.

मास्तरांना ते जमेना. छातीत घरघर होती, आत ऐवज भरलेला होता, पण घशापर्यंत आलं की गळा आपोआप मिटायचा. दोनदा झालं, तीनदा झालं. इतक्यात रस्त्यावर एक स्कूटर थांबली. हेल्मेट काढून एक टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस कुंपणापाशी आला. हा चिदंबर. पंचेचाळीस वर्षांचा, विमा कंपनीत अधिकारी, आणि एके काळी आठवी ब मधला, दोनदा बादली वाहिलेला. त्यानं हातातली डबी बघितली, वाकलेले मास्तर बघितले, आणि त्याच्या चेहऱ्यावर तीस वर्षं जुनं हसू आलं.

"सर, तुम्ही थुंकायलात?"

या ठिकाणी दुसरा कुणी असता तर डबी खिशात घालून घरी गेला असता. मास्तरांना क्षणभर तसं वाटलंही. लाज वाटली, कान तापले, सगळं झालं. पण मग त्यांना मोबाइलचा दिवा आठवला, आणि जिभेखाली शोधणारे ते डोळे. ते ताठ झाले. मैदानावर उभे राहत तसे, टाचा जोडून.

"थुंकत न्हवे रे, पुरावा द्यायलोय," ते म्हणाले. "सुम्ने उभा राहा आणि मोज."

सुम्ने म्हणजे गुपचूप. चिदंबर गुपचूप उभा राहिला. पंचेचाळिशीचा माणूस, पण आवाज ऐकून त्याची पाठ सरळ झाली. त्यानं मोजायला सुरुवात केली. एकला मास्तरांनी श्वास घेतला, दोनला रोखला, तीनला सोडला. पुन्हा एक, पुन्हा दोन. तिसऱ्या फेरीला मास्तर खाकरले. असे खाकरले की बारा वर्षं न बोललेल्या शेजाऱ्यानंही मान डोलावली असती. रस्त्यावरच्या दोन बायका वळून बघू लागल्या. मास्तरांनी त्यांच्याकडे बघत बघत डबीत टाकलं. पिवळट हिरवा, घट्ट, अस्सल बेडका.

पावनीनं डबी उजेडात धरली आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा खुलला. म्हणाली, हा खरा. सोमवारी सकाळी या.

घरी सून कांचन ऑफिसचं काम करत बसली होती. ती बार्शीची, लग्न होऊन म्हैसुरात येऊन सहा वर्षं झालेली, कन्नड अजून मोडकंतोडकं. गेल्या वेळी नर्सनं डबी तिच्याच हातात दिली होती. मास्तरांनी विचारलं की त्या वेळी नर्स काय म्हणाली होती, आणि तू मला काय सांगितलंस? कांचनला आठवत होतं. नर्स म्हणाली होती, कफा. आणि ती घरी येऊन म्हणाली होती, "मामंजी, सकाळी उठल्यावर थुंकी द्यायचीय." तिच्याकडे बार्शीला सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर तसंच लिहिलेलं असे, खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. तिकडे सगळे कफालाच थुंकी म्हणतात. आणि दुसरा शब्द सासऱ्यासमोर तोंडातून काढणं तिला शोभलं नसतं. मास्तरांनी मात्र थुंकी म्हणजे थुंकीच समजून, दात घासून, तीन चुळा भरून, स्वच्छ पांढरी लाळ सभ्यपणे डबीत घातली होती. वर रुमालानं डबी पुसूनही दिली होती.

कांचनच्या लक्षात आलं तसे तिचे डोळे भरले. आपल्यामुळे झालं म्हणाली. मास्तर तिच्यावर चिडले नाहीत, ते स्वतःवरच चिडले. म्हणाले की तू एक शब्द चुकलीस, मी चाळीस वर्षं गिळत बसलो, आणि डॉक्टरनं तर पान उलटलंच नाही. रडायचं असेल तर तिघांनी मिळून रडू. मग त्यांनी तिला समोर उभं केलं आणि तो दुसरा शब्द म्हणायला लावला. पहिल्यांदा ती पुटपुटली. मास्तरांनी कानामागे हात धरला. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा कांचन खणखणीत आवाजात म्हणाली, "बेडका." शेजारच्या घरात काहीतरी भांडं पडल्याचा आवाज आला.

शनिवारी आणि रविवारी राघवेंद्रनं सकाळी सहाला जीभ बघितली. मास्तरांनी दाखवली. कांचन सगळं सांगायला निघाली होती, तिला त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं. ताप होता, धाप होती, जिना चढवत नव्हता. तरी ते गप्प राहिले. त्यांना नुसतं सांगायचं नव्हतं, कागद दाखवायचा होता.

सोमवारी राघवेंद्र त्यांना दाखल करायला कपड्यांची पिशवी घेऊन निघाला, तेव्हा मास्तरांनी रिक्षा आधी लॅबकडे वळवली. पावनीनं दोन्ही पानं टाचून दिली. पहिल्या पानावर जंतूचं नाव होतं, क्लेब्सिएला, आणि खाली कुठलं औषध त्याला मारेल आणि कुठलं नाही याची यादी. तिनं राघवेंद्रला समजावून सांगितलं. क्षयानं फुप्फुस पोखरलं की तिथे दुसरे जंतूही सहज घर करतात. क्षयाच्या गोळ्या क्षयाचं काम करतात, या दुसऱ्याचं त्यानं फारसं वाकडं होत नाही. तुमचे वडील गोळ्या घेत होते की नाही हे मी सांगू शकत नाही, ती म्हणाली, पण ताप का हटत नव्हता ते या कागदावर आहे. आणि क्षयाचे जंतूही पाहिले, तेही बघायला तुमच्या वडिलांनीच सांगितलं होतं. एकही दिसला नाही. गोळ्या न घेणाऱ्याचं सहसा असं होत नाही.

राघवेंद्र पिशवी हातात धरून उभा होता. त्यानं वडिलांकडे बघितलं नाही, कागदाकडेच बघत राहिला.

डॉ. संकर्षणांनी रिपोर्ट वाचला, या वेळी दोन्ही पानं वाचली, आणि त्यांचा चेहरा उतरला. दाखल करून घेतलं, पण दुसऱ्याच कारणासाठी. शिरेतून दहा दिवस औषध दिलं, क्षयाच्या गोळ्या होत्या तशाच चालू ठेवल्या. चौथ्या दिवशी ताप उतरला तो पुन्हा चढलाच नाही. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर म्हणाले की आता छान आहे, महिन्यानं या.

मास्तर खुर्चीतून उठले नाहीत. म्हणाले, फाइलमध्ये माझ्याबद्दल एक ओळ आहे, ती काढा. डॉक्टर ओशाळले. म्हणाले की कॉम्प्युटरमध्ये एकदा लिहिलेलं पुसता येत नाही.

"मग खाली लिहा, मी सांगतो तसं," मास्तर म्हणाले. "पेशंटनं एकही गोळी चुकवली नाही. दुसरं पान बघायचं राहिलं."

बाहेर पेशंट ताटकळले होते. डॉक्टरांनी कीबोर्ड ओढला आणि टाइप केलं. मास्तरांनी चष्मा लावून दोन्ही वाक्यं वाचली, एका शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त करायला लावलं, मग उठले. माणूस वाईट नव्हता, हे पुन्हा सांगायला हवं. त्यानं छापून एक प्रतही दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मास्तर आपल्या खुर्चीत बसले होते. राघवेंद्र आज येणार नव्हता. त्याच्या खोलीचं दार बंद होतं. मास्तरांनी हाक मारली. तो आला, दारातच उभा राहिला, नजर जमिनीवर. मास्तरांनी गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायले, गिळल्या. मग तोंड उघडलं आणि जीभ उचलली.

"अप्पा, नको," राघवेंद्र म्हणाला.

मास्तरांनी तोंड मिटलं नाही. बोटानं त्याला जवळ बोलावलं. तो एकेक पाऊल टाकत आला. त्यांनी टेबलावरचा त्याचाच मोबाइल उचलून त्याच्या हातात दिला, दिवा लावायची खूण केली. राघवेंद्रचा दिवा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. तो वाकला. बापाच्या रिकाम्या तोंडात त्यानं बघितलं, आणि मग त्याला काही दिसेना, कारण डोळे भरून आले होते.

"दिसलं?" मास्तरांनी विचारलं.

राघवेंद्रनं मान हलवली.

"आता म्हण. मोठ्यानं म्हण. कांचनला ऐकू गेलं पाहिजे."

"अप्पा खोटं बोलले नाहीत," राघवेंद्र म्हणाला.

स्वयंपाकघरातून कांचननं सांगितलं की ऐकू आलं नाही. राघवेंद्रनं पुन्हा म्हटलं, बादली वाहणाऱ्या पोरासारखं, तिसऱ्यांदा तर शेजारच्या बेसिनवर घसा खरवडणं थांबलं इतक्या मोठ्यानं. मास्तरांनी रिकाम्या पाकिटावर तारीख घातली आणि ते डब्यात टाकलं.